कुत्रा धरायला दोन वर्षं?

आज भिशी होती, इंदूरच्या सुदामा नगरात. पोहे झाले, जिलेबी झाली आणि गाडी आमच्या लेकीवर आली. इंदूरजवळच्या महूला काय शिकते म्हणे. सांगितलं, पशुपालनाचा डिप्लोमा, दोन वर्षांचा. तर एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, कुत्रा धरायला दोन वर्षं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यापासून त्याचाच राग येतोय.

आमच्या चिंगीला पार्वो, म्हणजे कुत्र्यांचा तो जीवघेणा आजार, झाला होता ते आठवतंय ना? तीन महिन्यांचं पिल्लू, उलट्या-जुलाबांनी पार वाळलेलं. रात्री अकराला क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी दोनदा सुई घातली, शीर सापडेना. तेव्हा तिथला असिस्टंट पोरगा, असेल वीस-बावीसचा, म्हणाला, "सर, एक मिनट." त्यानं तिचं कोपर मागून तळव्यात घेतलं, अंगठा वरून आडवा दाबला आणि बाहेरच्या बाजूला हलकेच फिरवला. शीर दिसायला लागली. तिसऱ्यांदा सुई बरोबर गेली.

याला म्हणतात कुत्रा धरणं!

लेक सध्या गच्चीतल्या कपड्यांच्या दोरीवर गाठी मारत असते. जनावराच्या गळ्याला सरकफास कधी बांधायचा नाही, ओढलं की आवळत जातो. खुंट्याला बांधायची गाठ मात्र एका झटक्यात सुटली पाहिजे. दोरीनं बैल कसा आडवा पाडायचा तेही दाखवत होती: एक वेढा गळ्याला, एक छातीला, एक पोटाला, मग मागून ओढत राहायचं, बैल आपोआप बसतो. बाबांवर करून बघणार होती, ते पेपर घेऊन उठून गेले. गाईला १०१ ताप म्हणजे ताप नव्हेच, हे मला तिनंच शिकवलं. थर्मामीटर कुठे लावतात ते भिशीत सांगायला हवं होतं, जिलेबी खाताना.

"मग डॉक्टरच का नाही झाली?" हाही प्रश्न आलाच. साडेपाच वर्षांचं शिक्षण आहे ते, आणि नाही लागला नंबर. झालं समाधान? गावात गाय अडली की १९६२ नंबरवर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याला फोन करतात, त्या गाडीतून डॉक्टर एकटे उतरतात असं वाटतं का तुम्हाला?

पगार कमी आहे, मान्य. सरकारी जागा निघतील तेव्हा निघतील. आणि काही जण चार महिने कुठेतरी उमेदवारी करून गावोगाव स्वतःच सुया टोचत फिरतात, तेही खरं. पण म्हणूनच तर शिकायचं ना! १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यातच आहे, डिप्लोमावाल्यांनी किरकोळ उपचार करायचे तेही नोंदणी झालेल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली.

तो पोरगा तरी कुठे डिप्लोमा घेऊन आला होता, असं आमचे हे आत्ता मागून वाचून म्हणतायत. नसेलही. मग आधी कुणाच्या तरी चिंगीवर चुकत चुकत शिकला असेल.

खरं सांगू? लेकीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही काकूंसारखंच काहीतरी बोलले होते. दोन दिवस जेवली नव्हती नीट.

आणि त्या रात्री सलाईन संपेपर्यंत तो पोरगा चिंगीचा पाय धरून जमिनीवर बसून होता. तिनं त्याच्या पँटवर घाण केली, तर म्हणाला, "कोई बात नहीं आंटी, पानी अंदर जा रहा है ना." पहाटे मी डॉक्टरांना दहादा थँक्यू म्हटलं. त्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

असो. पुढच्या भिशीला मी नाही. त्या दिवशी लेकीची रेबीजची तिसरी सुई आहे, आणि बैल पाडणारी ही मुलगी सुईला घाबरते.