‘काहीतरी काळं लागलंय’ म्हणणाऱ्या मैत्रिणीमुळे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. राखेचा बुधवार होता. सकाळी साडेसहाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाऊन मी तशीच दहिसर स्टेशन गाठलं आणि नेहमीची चर्चगेट लोकल पकडली. कपाळावर राखेचा क्रूस होता. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईने माझ्याकडे पाहिलं, पर्समधून रुमाल काढला, त्याचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि ‘अगं, काहीतरी काळं लागलंय’ म्हणत मायेने माझं कपाळ स्वच्छ पुसून टाकलं. मला काही बोलायला सुचलंच नाही. थँक्यू म्हटलं आणि अंधेरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

बारा वर्षं आम्ही एका डब्यातून जातो. तिच्या घरच्या गौरी उभ्याच्या की खड्याच्या, हे मला माहीत आहे. तिच्या मुलाच्या मुंजीत मी पंगतीत वाढलंय. तिला माझ्याबद्दल काय माहीत होतं? नाताळ आणि केक. यात तिची काय चूक? मी कधी सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री मी श्रद्धेबद्दलची पहिली पोस्ट लिहिली. ही राख कुठून येते ते लिहिलं. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या हातात धरून आम्ही मिरवणुकीने चर्चमध्ये शिरतो, त्याच जाळून ती करतात. फादर ती कपाळाला लावताना म्हणतात, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील. तिथून ईस्टरपर्यंत आमचा उपवासकाळ सुरू होतो. एवढंच लिहिलं होतं. सकाळी त्या ताईचीच कॉमेंट होती : ‘आमच्याकडेही भस्म लावतात गं. मग गाडीत का नाही बोललीस?’

तेव्हापासून मी लिहिते. आणि तेव्हापासून दोन्हीकडून एकच प्रश्न येतो. ऑफिसातले विचारतात, धर्म घरात ठेवायची गोष्ट, फेसबुकवर कशाला? आणि आमचेच लोक म्हणतात, कशाला उगाच लोकांच्या डोळ्यांवर यायचं, दिवस बरे नाहीत. दुसऱ्या बोलण्यातली भीती मला कळते. मी वसईची. आमच्या वाडीत आजी लाल लुगड्यात अंगणात बसून संध्याकाळची रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ म्हणायची, ती मराठीतच. पण त्या अंगणाबाहेर ती श्रद्धेविषयी कुणाशी चकार शब्द बोलली नाही. लोक आपल्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. ‘बाटगे’ हा शब्द मी शाळेत पहिल्यांदा ऐकला आणि घरी येऊन तिला अर्थ विचारला, तेव्हा तिने माझ्या हातात केळं दिलं आणि म्हणाली, खा आणि अभ्यासाला बस.

आपण गप्प राहिलो म्हणून विषय संपत नाही. आपल्या वतीने दुसरंच कुणीतरी उत्तर देतं. आज ते उत्तर फॉरवर्डमधून येतं. तांदळाच्या पोत्यावर विकले गेलेले. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि गावं बाटली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज आला तेव्हा टाकणाऱ्याच्या मनात वाईटही काही नसावं. ‘इतिहासाची माहिती’ म्हणूनच टाकला होता. माझा अठरा वर्षांचा मुलगा त्याच ग्रुपमध्ये आहे. त्याने तो वाचला आणि मला विचारलं, मम्मी, हे खरं आहे का?

मुलाला उत्तर द्यायचं म्हणजे खोटं बोलून चालत नाही. मी त्याला सांगितलं आणि मग ग्रुपवरही लिहिलं, की वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्या राजवटीत धर्माच्या नावाने जुलूम झाला. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय बसवलं गेलं. त्याचं समर्थन मी करत नाही, कुणीही करू नये. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली, त्यात सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्तीही होती. पण पुढचंही सांगायला हवं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले. आमचे पूर्वज मात्र इथेच राहिले, शेतीवाडी करत, मराठी बोलत, आणि ख्रिस्ती म्हणून. त्याला आता पावणेतीनशे वर्षं उलटून गेली. नुसत्या पावाच्या तुकड्यावर टिकलेली श्रद्धा इतकी वर्षं कुणाच्या धाकाशिवाय टिकली असती का? याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला आपल्या श्रद्धेपायी क्रुसावर मेले. १८६२ साली ते संत झाले, भारतात जन्मलेले पहिले संत. तांदळाच्या पोत्यासाठी कुणी क्रुसावर चढत नाही.

ग्रुपवर थोडा वेळ शांतता होती. मग तळमजल्यावरच्या आजोबांनी लिहिलं, ‘हे माहीत नव्हतं.’ मेसेज टाकणाऱ्याने नंतर तो काढून टाकला. मी तशी मागणीही केली नव्हती.

धर्मगुरूंच्या हातून लहान मुलांवर झालेल्या अत्याचारांच्या बातम्याही लोक माझ्या पोस्टखाली टाकतात. तिथे मी बचाव करत नाही. ज्यांच्यावर ते झालं त्यांच्या बाजूने उभं राहायचं, बस.

सगळ्यात नाजूक वाद मात्र घरातलाच असतो. आम्ही कॅथलिक, पण माझी मावसबहीण आता बिलिव्हर्सच्या, म्हणजे मूर्ती न मानणाऱ्या ख्रिस्ती गटाच्या प्रार्थनेला जाते. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या जत्रेचा फोटो टाकला की तिची कॉमेंट ठरलेली : बायबलमध्ये मूर्तीला हात जोडायला कुठे सांगितलंय? तिच्याशी बोलताना मला माझीच श्रद्धा नव्याने शिकावी लागली. आराधना एका देवाची, मरियामातेचा मान आईचा, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलं होतं, पण तिला समजावताना ते पुरेना. शेवटी मी तिला आपली ‘नमो मरिया’ आठवायला सांगितली, जी आम्ही दोघी आजीच्या शेजारी बसून म्हणायचो. त्यात आपण मरियेकडे काय मागतो? आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. विनंती ती ज्याच्याकडे करते तोच देव. तिला पटलं असं नाही. पण आता ती कॉमेंट करण्याआधी फोन करते.

‘म्हणजे तुम्हाला आम्हाला ख्रिश्चन करायचंय’ असंही मला विचारतात. थेट सांगते. मला येशूवर प्रेम आहे आणि ते मी लपवणार नाही. संविधानाच्या २५व्या कलमात धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली त्यातल्या प्रसाराचा अर्थही लावून दिला : आपली तत्त्वं सांगणं हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा नाही. आमच्या चर्चनेही १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत सांगितलंय, की श्रद्धेच्या बाबतीत कुणावर कुठलीही सक्ती चालणार नाही. एखाद्या मोठ्या माणसाला मनापासून कॅथलिक व्हायचं असलं, तरी महिनोन्महिने शिकावं लागतं, आणि फादर त्याला पुन्हा पुन्हा विचारतात, नक्की ना? फेसबुकवरच्या चार ओळींनी कुणी बाटत नाही.

हे सगळं मराठीत लिहिण्याचा माझा हट्ट आहे. इंग्रजीत कॅथलिक श्रद्धेवर वाटेल तेवढं मिळतं. इटलीतल्या कार्लो अकुटिस या मुलाने तर वेबसाईट बनवून पवित्र मिस्सातल्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडली. तो २००६ साली पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संत झाला. माझ्या मुलाच्या मोबाईलवर त्याचा फोटो आहे, जीन्समधला. पण लोकलमधल्या माझ्या मैत्रिणीला कोण सांगणार? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडहून आलेला माणूस. त्याने मराठी शिकून ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. जन्माने मराठी असलेल्या आम्हीच या भाषेत येशूचं नाव घ्यायला का अवघडावं?

आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अवघडले नाहीत. ‘सुवार्ता’ मासिकातून, पुस्तकांतून, हरित वसईच्या लढ्यात ते मराठीत बोलत राहिले. बायबल सोप्या मराठीत आणलं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा निव्वळ धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. त्या दिवसांत मी कॉमेंट वाचून रडायचे. ते मात्र तिथे गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यानंतर मला वाटू लागलं, की आता हे काम आपल्यासारख्या साध्या माणसांनी थोडं थोडं वाटून घ्यायला हवं.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलंय, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा. आमचे काही तरुण एवढंच वाचतात आणि कॉमेंटमध्ये भांडायला उतरतात. पुढचे शब्द आहेत, सौम्यतेने आणि आदराने. मलाही राग येतो. रागात लिहिलेलं मी रात्री पोस्ट करत नाही, सकाळी वाचून बहुतेक वेळा पुसून टाकते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी सर्व मृतांच्या स्मरणदिनाबद्दल लिहिलं होतं. रात्री अकराच्या सुमारास त्याच ताईचा मेसेज आला. तिचे यजमान कोरोनात गेले. शेवटचं दर्शनही तिला मिळालं नव्हतं. तिने विचारलं होतं, ‘तुम्ही कबरीपाशी बोलता, ते त्यांना ऐकू जातं का?’ मी चार ओळी टाईप केल्या, खोडल्या, पुन्हा टाईप केल्या आणि शेवटी फोन लावला. पाऊण वाजेपर्यंत बोलत होतो. मी तिला माझी श्रद्धा सांगितली, की ते देवापाशी जिवंत आहेत आणि आपली प्रार्थना त्यांच्यापर्यंत पोचते. ती ऐकत होती, मधूनच त्यांच्या आठवणी सांगत होती.

स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, मी वसईच्या कबरस्तानात निघाले तेव्हा ती म्हणाली, मी येऊ का तुझ्याबरोबर? दहिसरहून आम्ही विरार लोकल पकडली. माझ्या बाबांच्या कबरीवर मी मेणबत्त्या लावत होते. तिने पिशवीतून शेवंतीची फुलं काढली, अर्धी बाबांच्या कबरीवर वाहिली आणि अर्धी हातात धरून विचारलं, ‘ही त्यांच्या नावाने इथेच ठेवली तर चालतील?’ आम्ही मिळून शेजारी थोडी जागा केली.