भजीतला नवरदेव

माझ्या माहेरी तांबडा भोपळा कुणी लावत नसे. तो यायचा. उकिरड्यावर कुणीतरी बिया भिरकावलेल्या असायच्या, पावसात वेल निघायचा, गोठ्याच्या पत्र्यावर चढायचा आणि दसऱ्याच्या सुमारास कुणाला तरी दिसायचं, अरे, वर चार भोपळे बसलेत. त्यांना कुणी पाणी घातलेलं नसे, की साधी विचारपूस केलेली नसे.

त्यामुळे बोस्टनजवळच्या आमच्या घरी नवऱ्याने एका पाकिटातून एकच बी काढली, टेबलावर ठेवली आणि "हिला कुणी हात लावायचा नाही" असं बजावलं, तेव्हा मला आधी वाटलं, महागातला बदाम आहे.

ती 'अटलांटिक जायंट' या राक्षसी भोपळ्याची बी होती. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं निवड करत हे वाण तयार केलं. १९८१ साली त्याच्या भोपळ्याने ४९३.५ पाउंड भरून विक्रम केला. आता ते वजन बालवाडीतलं झालंय. २०२५ मध्ये इंग्लंडच्या दोन जुळ्या भावांचा भोपळा २,८१९ पाउंड भरला, म्हणजे जवळजवळ १,२७९ किलो. बाबांच्या मारुती ८००च्या साधारण दुप्पट! बियांची नावंही साधी नसतात. मूळ भोपळ्याचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव, साल, शिवाय आई कोण, बाप कोण. आमचं लग्न ठरताना एवढी चौकशी झाली नव्हती.

एप्रिलमध्ये माझी नेलफाइल गेली. बीच्या कडा हलक्या घासल्या की कोंब लवकर फुटतो म्हणे. मग माझ्या कंबरेचं हीटिंग पॅड गेलं. मे महिन्यात मागचं अख्खं लॉन गेलं. आणि त्याच महिन्यात सासूबाई वाईहून सहा महिन्यांसाठी आल्या.

त्यांनी पहिल्याच दिवशी मागे जाऊन पाहिलं. मातीचा तपासणी अहवाल, रोपावर प्लॅस्टिकचा मांडव, चालायला फळ्या, वेलीच्या पेरापेराला फुटलेली मुळं मातीत दाबून ठेवणारा त्यांचा मुलगा. "एवढं लहानपणी माझं ऐकलं असतंस तर," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

सासूबाईंचा स्वभाव असा की हिरवं काही दिसलं की त्यांना त्यात भाजी दिसते. एका वेलीवर एकच भोपळा ठेवायचा, म्हणजे सगळी ताकद त्याला मिळते, बाकीचे खुडून टाकायचे, हा भोपळ्यांच्या वजनाच्या स्पर्धेचा नियम त्यांना पाप वाटे. खुडलेले कोवळे भोपळे त्या ओट्यावर आणून ठेवत. आम्ही जून-जुलै भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं भरीत, भोपळ्याचं थालीपीठ आणि एकदा पोह्यांतसुद्धा भोपळा खाल्ला.

पण खरा प्रसंग घडला तो परागीभवनाच्या दिवशी.

हे काम मधमाश्यांवर सोडायचं नसतं, कारण मधमाशी कुळ बघत नाही. मादी फुलाखाली लिंबाएवढा भोपळा आधीच असतो. ते फूल उद्या उमलणार असं दिसलं की संध्याकाळीच त्याचं तोंड बांधायचं. पहाटे नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलात हलक्या हाताने फिरवायचा. उन्हं चढली की फूल मिटतं, मुहूर्त टळतो. नवऱ्याने आदल्या रात्री वधू निवडली होती. कपाळावर दिवा बांधून तो साडेपाचला बाहेर पडला आणि दोन मिनिटांत धावत आत आला.

"नर फुलं कुठायत?"

सासूबाई गॅसपाशी उभ्या होत्या. परातीत डाळीचं पीठ, ओवा, हळद. झाऱ्यावर चार भजी निथळत होती.

"ती नुसत्या देठाची होती रे. त्यांना कुठे भोपळा धरणार होता? मी मुलींना हात नाही लावला."

शास्त्र त्यांचं अगदी बरोबर होतं. नवरा मात्र भजीकडे अशा नजरेने बघत होता, की मी ताटली मागे घेतली. मग फोनाफोनी. शेजारच्या गावात एक आजोबा हाच उद्योग करतात. त्यांनी दोन नर फुलं द्यायचं कबूल केलं. सकाळी सात वाजता मी गाडी चालवतेय आणि शेजारी नवरा ओल्या टिपकागदात गुंडाळलेला नवरदेव स्टीलच्या डब्यात घालून मांडीवर धरून बसलाय. वरात वेळेत पोचली. सासूबाईंनी वर चार अक्षता टाकल्या, कुणी मागितल्या नव्हत्या तरी. भजी मात्र उत्तम झाली होती. हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

भोपळा धरला. ऑगस्टमध्ये तो दिवसाला आठ-नऊ किलो वाढू लागला. रोज टेप घेऊन तीन मापं घ्यायची, कोष्टकात वजन बघायचं. ऊन लागू नये म्हणून दिवसा त्याच्यावर चादर, रात्री गारठा नको म्हणून सासूबाईंची गोधडी. आमची मेन राज्यातली सहल रद्द झाली, कारण भोपळ्याला एकटं कसं सोडणार?

ऑक्टोबरात टॉप्सफील्ड गावच्या जत्रेत वजनाची स्पर्धा. २०१२ साली याच जत्रेत ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेसने २,००९ पाउंडांचा भोपळा आणला होता, जगातला २,००० पाउंड ओलांडणारा पहिला. आमचा पट्ट्यांत अडकवून साखळीने वर उचलला तेव्हा नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. प्रसूतिगृहातही एवढा धरला नव्हता. टेपच्या हिशेबाने ४१० किलो. काट्यावर ३७१.

"भ्रमाचा भोपळा" हा विनोद तेव्हापासून सतरा जणांनी केला आहे. अठरावे होऊ नका.

तिथे कुणीतरी सांगितलं की विंडसरला १९९९ साली असले भोपळे पोखरून, त्यात बसून लोक तळ्यात शर्यत लावायला लागले. सासूबाईंना मुळीच नवल वाटलं नाही. "आमची म्हातारी तर जमिनीवरून जायची."

कोजागिरीला घरी मंडळी बोलावली होती. घारगे करायचे ठरले. अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही, म्हणून करवत नवऱ्याच्या हातात दिली. त्याने ती दोनदा खाली ठेवली. शेवटी फोड निघाली, किसली, शिजवली. सासूबाईंनी चाखून पाहिलं. पाणचट. आणखी गूळ घातला, तरी पाणचटच.

"चव नाही रे याला," त्या हळूच म्हणाल्या, आजारी माणसासमोर बोलावं तसं.

मागच्या दारी ३७१ किलो भोपळा असताना मी इंडियन स्टोअरमध्ये जाऊन दोन पाउंडांची फोड विकत आणली.

रात्री घारग्यांचा फडशा पडला. "वा! घरच्या भोपळ्याची चवच वेगळी," एक वहिनी म्हणाल्या. सासूबाई दूध ढवळत राहिल्या. मी चंद्राकडे बघितलं.

"केमिकल काही घातलं नाही ना," नवरा म्हणाला.