आधी तुम्ही

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला विलायतेला कोणत्या आजीने जायचं, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. म्हणून दोघी गेलो. मी मुलीची आई, विहीणबाई मुलाची आई. लेस्टरशरमधलं मार्केट हारबरो हे गाव, घर बेताचं, बाथरूम एक, कुकरही एकच. चौथ्या दिवशी डाळीला मी तीन शिट्ट्या म्हटलं, विहीणबाई चार म्हणाल्या. डाळ साडेतीनवर उतरवली गेली आणि पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मुलांनी आम्हा दोघींना गाडीत घातलं.

"आई, अगदी सोपा वॉक आहे," लेक म्हणाली.

आमच्याकडे 'आई' अशी हाक आली की दोन माना वळतात. लेक मलाही आई म्हणते, सासूलाही आई म्हणते. जावईबापूंचंही तसंच. त्यामुळे कुठलीही सूचना दोघींना एकदम लागू होते आणि चूक कुणालाच लागू होत नाही.

"चारेक मैल. कालव्याच्या काठाने जायचं, मग थोडी शेतं, गमली नावाचं खेडं, की परत लॉकपाशी. पुस्तकात 'ईझी' लिहिलंय. चिखल असेल थोडासा."

सह्याद्रीत वाट विचारली की "हे काय, इथंच तर हाय" म्हणणारे मामा भेटतात आणि मग चार तास चालावं लागतं. पण ते मामा बोलताना गालात हसतात, आपण सावध होतो. इंग्रज माणूस हेच वाक्य गंभीर चेहऱ्याने छापतो, वर नकाशा जोडतो.

फॉक्सटन लॉक्सच्या वरच्या अंगाला आम्हाला उतरवून गाडी गेली. माझ्या पिशवीत थर्मास आणि गूळपोळ्या, त्यांच्या पिशवीत धपाटे. समोर टेकडीच्या उतारावर पाण्याचा जिना. जिनाच म्हणायचा, कारण इंग्रजीतही त्याला तसंच म्हणतात. लॉक म्हणजे पाण्याचा दारं असलेला कप्पा. अशा पाच-पाच कप्प्यांच्या दोन रांगा, दहा कप्प्यांत मिळून होडी पंचाहत्तर फूट चढते किंवा उतरते. १८१४ सालचं काम. होड्या लांबच लांब आणि रुंदीला जेमतेम सात फूट, म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या चाळीतली गॅलरी पाण्यावर सोडल्यासारख्या. एका होडीला हा जिना पार करायला पाऊण तास तरी लागतो. कुणी वैतागलेलं नव्हतं. लोक काठावर बसून आइस्क्रीम खात दुसऱ्याचा पाऊण तास बघत होते.

विहीणबाई कराडकडच्या, उसाच्या घरातल्या. पाणी म्हटलं की त्यांना पाळी, पाटकरी आणि भांडण आठवतं. "एवढं पाणी आणि एक मोटर नाही?" त्यांनी विचारलं. तिथल्या स्वयंसेवक आजोबांना मी हे माझ्या इंग्रजीत विचारलं. त्यांनी प्रत्येक कप्प्याशी असलेल्या दोन झडपा दाखवल्या, एक लाल, एक पांढरी. लाल आधी उघडायची, मग पांढरी. आजोबांनी यमक जुळवून जे म्हणून दाखवलं त्याचा अर्थ असा, की लाल आधी तर सगळं ठीक, पांढरी आधी तर मेलेलं बरं वाटेल.

विहीणबाईंनी मान डोलावली. "लाल म्हणजे मुलाकडचे," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले.

मग आजोबांनी कप्प्याच्या दाराचा लांबलचक लाकडी दांडा ढकलायला या, असं खुणेने बोलावलं. दांडा हातांनी हलत नाही. त्याला पाठमोरं टेकायचं, टाचा विटांच्या कडांमध्ये रोवायच्या आणि शरीराचा जो भाग इंग्रजीत सभ्यपणे सांगता येत नाही त्याने रेटायचं. "नको बाई, चारचौघांत," विहीणबाई म्हणाल्या. विहिणीसमोर, असं त्यांना म्हणायचं होतं. मलाही तेच वाटत होतं.

बाजूच्या उतारावर गवतात जुन्या यंत्राच्या खुणा आहेत. हा पाऊण तास वाचावा म्हणून १९०० साली तिथे उताराची लिफ्ट केली होती. पाण्याने भरलेल्या दोन टाक्या, त्यांत होड्या, एक टाकी वर जाताना दुसरी खाली, वाफेच्या इंजिनावर बारा मिनिटांत काम. पण इंजिन सतत पेटतं ठेवायचं आणि होड्या येणार मोजक्या. १९११ पासून ती नुसतीच उभी राहिली, १९२८ साली भंगारात गेली. "आमच्याकडे उपसा सिंचनाचं असंच झालं," विहीणबाई म्हणाल्या. परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना घरच्यासारखं वाटलेलं दिसलं.

खाली उतरून टोपाथला लागलो. ही वाट मुळात घोड्यांची. घोडा काठाने चालायचा आणि दोराने होडी ओढायचा, म्हणून वाट सपाट आणि पुलाखालूनसुद्धा जाणारी. सोपी म्हणावी तर तेवढीच सोपी. अडचण वेगळीच निघाली. वाट एका घोड्याच्या रुंदीची, त्यामुळे दोन विहिणींपैकी कुणीतरी पुढे चालायला हवं. "चला, तुम्ही पुढे." "छे छे, मान तुमचा." मागून सायकलची घंटी वाजली तेव्हा आम्ही दोघी एकदमच झुडपात शिरलो.

तेवढ्यात एक होडी शेजारून निघाली. सुकाणूशी चहाचा मग घेतलेला माणूस. तो "मॉर्निंग" म्हणाला, आम्ही "मॉर्निंग" म्हटलं. कालव्यावर होडीला ताशी चार मैलांच्या वर जाता येत नाही आणि काठाला बांधलेल्या होड्यांशेजारून जाताना तर ती आणखी हळू करतात. त्यामुळे तो बरोब्बर आमच्याच वेगाने, तीन हातांवरून, वीस मिनिटं चालला. मॉर्निंग बोलून झालेली होती. हवा छान आहे हेही झालं. मग तो समोर बघू लागला, आम्ही बदकं बघू लागलो. स्टेशनवर निरोप घेऊन झाल्यावरही गाडी सुटत नाही तेव्हा जे होतं, ते. शेवटी विहीणबाईंनी थांबून बुटाची सुटलेली नसलेली नाडी बांधली.

एका पुलापाशी कालवा सोडून डावीकडे वळायचं होतं. खांबावर पाटी, 'पब्लिक फुटपाथ'. फुटपाथ म्हटल्यावर मला दादर आठवलं. फरशी, फेरीवाले, पाच रुपयाला कोथिंबीर. पाटीचा बाण मात्र सरळ कुणाच्यातरी गुडघाभर वाढलेल्या हिरव्यागार गव्हात घुसत होता.

विहीणबाई जागच्या जागी थांबल्या. "अहो, हे उभं पीक आहे!"

"पुस्तकात हीच वाट आहे."

"पुस्तक गेलं खड्ड्यात. मालक कुठंय? आमच्या गावात असं कुणी घुसलं तर तंगडी मोडतील."

त्यांच्या घरी पाणंदीवरून वाद आहे. वहिवाटीची वाट शेजाऱ्याने नांगरली, ते प्रकरण सासऱ्यांच्या काळापासून तहसीलदारांपुढे आहे. मामलेदार कोर्ट कायदा, सन १९०६, कलम पाच, हे त्या पसायदानासारखं म्हणतात. जावईबापूंनी फोनवरून समजावलं, की इथे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला अशा वाटांचा अधिकृत नकाशा करावा लागला. नकाशात वाट असली की असली. शेतकऱ्याने नांगरली, पेरली, तरी पिकातून मीटरभर रुंदीची वाट त्यालाच पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. खरोखरच गव्हाच्या मधोमध भांग पाडल्यासारखी पट्टी होती.

विहीणबाई बराच वेळ त्या भांगाकडे बघत राहिल्या. "म्हणजे तारीख नाही, काही नाही?" मग चपला काढायला वाकल्या, बूट आहेत हे लक्षात आलं आणि तशाच, पिकाला पदर लागू नये अशा बेताने, पंजाबी ड्रेसची ओढणी सावरत पुढे निघाल्या. या वेळी मान कुणाचा हे विचारलंही नाही.

पुढच्या कुंपणाला स्टाइल होती. दोन आडव्या फळ्या, वर खांब. एक पाय इकडे, एक तिकडे, मध्ये मी. सव्वीस वर्षं मी डोंबिवलीहून आठ-बाराची फास्ट पकडली आहे. चढायचं कसं ते मला कुणी शिकवायला नको. पण फास्टमध्ये मागून लोक चढवतात. इथे मागून फक्त विहीणबाई "सावकाश हं" म्हणत होत्या. उतरताना आधाराला हात टाकला तो नेटलवर. हे दिसायला पुदिना आणि लागायला गांधीलमाशी. समोरून कुत्र्यासकट आलेल्या बाईंनी कुत्र्याला बसवलं, शेजारचंच डॉकचं रुंद पान तोडलं, हातावर चोळायची खूण केली आणि "अ बिट स्टिंगी" म्हणून निघून गेल्या. हात कोपरापर्यंत पेटला होता.

आणि मग किसिंग गेट. नावाचा खुलासा जावईबापूंनी आधीच, फार घाईघाईने, खाली बघत केला होता: "म्हणजे ते दार कडेला नुसतं टेकतं ना, म्हणून." कोनासारखं छोटं कुंपण, त्याच्या आत झुलणारं दार. एकाने कोनात शिरायचं, दार मागे ढकलायचं, पलीकडून निसटायचं. गुरांना जमत नाही. "आधी तुम्ही," मी म्हटलं. "आधी तुम्ही," त्या म्हणाल्या. असं चार वेळा झालं आणि दोघींनी एकाच क्षणी दुसरीचं ऐकलं. आता आम्ही दोघी कोनात, थर्मास आणि धपाटे मध्ये, दार कुठेच जाईना, आणि विहीणबाईंचं नाक माझ्या नाकापासून चार बोटांवर. पाच वर्षांच्या सोयरिकीत आम्ही एवढ्या जवळ कधी आलो नव्हतो.

"चार शिट्ट्या जरा जास्तच होतात," त्या म्हणाल्या.

सुटलो तेव्हा पलीकडे पंधरा-वीस गुरं आमच्याकडे तोंड करून उभी होती. लेकीने या कायद्याचाही स्क्रीनशॉट पाठवला होता. वाट असलेल्या शेतात दहा महिन्यांवरचा दुधाळ जातीचा वळू सोडायला बंदी. मांसासाठी पाळलेल्या जातीचा वळू मात्र चालतो, सोबत गाई किंवा कालवडी असल्या म्हणजे झालं. याचा अर्थ माणसाने आधी वळूजवळ जायचं, त्याची जात ओळखायची, वय काढायचं, सोबतीला कोण आहे ते बघायचं आणि मग पळायचं की नाही ते ठरवायचं. मी गेटमध्ये परत शिरायला लागले. विहीणबाई मात्र वाकून गुरांच्या पोटाखाली बघत होत्या.

"गोऱ्हे आहेत. खच्ची केलेले. तरणे आहेत म्हणून चौकस. तुम्ही पळू नका, पळालात की तेही पळतात." गोऱ्हे घोळका करून आमच्या मागोमाग यायला लागले तेव्हा त्या वळल्या, दोन्ही हात फैलावले आणि कराडच्या मळ्यात पोचेल अशा आवाजात ओरडल्या, "हैऽऽक!" लेस्टरशरचे गोऱ्हे थबकले. मराठी त्यांना पहिल्याच झटक्यात कळलं. मी विहीणबाईंचा हात धरून चालले, आणि कुणाला सांगू नका, पण अर्धं पाऊल मागून.

थोडासा चिखल गमलीच्या चढावर आला. तो पोटरीपर्यंत होता. एकदा माझा बूट तिथेच राहिला आणि पाय पुढे गेला. खेड्यातल्या बाकावर बसून आम्ही धपाटे आणि गूळपोळ्या खाल्ल्या. त्यांनी माझी पोळी "मऊ झालीय" म्हणून दुसरी घेतली. मुलाकडच्यांनी दुसरी घेणं म्हणजे काय, हे मुलीच्या आईलाच कळतं.

लॉकपाशी परत पोचलो तेव्हा तेच आजोबा, नवी होडी, तोच दांडा. त्यांनी या वेळी बोलावलंही नाही. विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि चिखलाच्या पायांनी दांड्याकडे पाठ केली. मीही शेजारी टेकले. टाचा रोवल्या, रेटलं. काही होईना, काही होईना, आणि मग ते अवजड दार लोण्यातून सुरी जावी तसं मागे सरकायला लागलं. आम्ही उलट्या पावलांनी, खांद्याला खांदा लावून, पाव वर्तुळ चाललो. होडीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी आली. काच खाली झाली.

"आई, कसा झाला वॉक?"

दोन माना वळल्या.

"ईझी," विहीणबाई म्हणाल्या.

"थोडासा चिखल होता," मी म्हटलं.

लेकीने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं. दार तसं एकाच माणसाच्या मापाचं होतं. आम्ही दोघी एकदमच शिरलो.