आलेआ क्युबा सोडून गेले नव्हते

‘मेमोरिज ऑफ अंडरडेव्हलपमेंट’वर (1968) क्युबात बंदी आली आणि दिग्दर्शक तोमास गुतिएरेझ आलेआ अमेरिकेत पळाले, असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. हा सिनेमा काढला आयसीएआयसी या क्युबाच्या सरकारी चित्रपटसंस्थेनेच आणि आलेआ तिच्या संस्थापकांपैकी एक. घोळ बहुधा कथानकामुळे झाला असावा: सिनेमाचा नायक सर्जिओ याची बायको, आईवडील मायामीला जातात, हा पठ्ठ्या मात्र गच्चीवरच्या दुर्बिणीतून हवाना न्याहाळत मागे राहतो. उलट 1974 मध्ये याच सिनेमासाठी समीक्षकांचा पुरस्कार घ्यायला निघालेल्या आलेआंना अमेरिकेनेच व्हिसा नाकारला! पुढे ‘स्ट्रॉबेरी अँड चॉकलेट’ (1993) आजारपणामुळे त्यांनी हुआन कार्लोस ताबिओंच्या साथीने केला. 1996 मध्ये ते वारले, तेही हवानातच.