‘शेवटी वजन परत आलंच ना?’

चवथीपासून एक मेसेज आमच्या फोंड्याकडच्या बहुतेक ग्रुपांवर फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला, त्यांतल्या दोघींनी खाली हात जोडलेली चित्रं घालून. मजकूर थोडक्यात असा: वजन कमी करण्याचं ऑपरेशन म्हणजे पैसे पाण्यात, दोन-चार वर्षांत वजन होतं तिथंच येतं. येतं ते जिभेवर ताबा नसल्यामुळे, कारण खाऊन खाऊन कापलेलं पोट ताणतं आणि पूर्वीएवढं होतं. झालंच तसं, तर पाच दिवस नुसतं पातळ घ्यावं, पोट पुन्हा आवळतं. नाहीतर आठवड्याचं इंजेक्शन सुरू करावं नि मोकळं व्हावं.

मी २०१८ साली स्लीव्ह करून घेतली, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी करण्याचं ऑपरेशन. ११२ किलोवरून ७३ वर आले, आज ८४ आहे. तेव्हा हा मेसेज माझ्यावरच लिहिलाय असं धरून उत्तर देते.

‘होतं तिथंच येतं.’ माझाच हिशेब घ्या. ३९ गेले, ११ परत आले, २८ अजून गेलेलेच आहेत. पण एकटीच्या हिशेबाला अर्थ नाही म्हणाल, तर स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांवर ऑपरेशन झालेल्या माणसांचा माग ठेवला गेला आहे. दोन वर्षांनी त्यांचं वजन सरासरी २३ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी १६ टक्क्यांच्या आसपास उतरलेलं राहिलं. म्हणजे काही परत आलं, बरंचसं आलं नाही. त्यांतली बहुतेक ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, आज ती फारसं कोणी करत नाही. दुसरा प्रकार बायपासचा, हृदयाचा नव्हे, जठराचा: त्याची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात. अमेरिकेत युटामधल्या अशा बायपासवाल्यांचे आकडे २०१७ मध्ये आले: दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो कमी, बारा वर्षांनी ३५. स्वीडनच्या त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूही कमी दिसले, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. काही जणांचं वजन खरंच खूप परत येतं, हे मी नाकारत नाही. पण सगळ्यात कमी वजन दीड-दोन वर्षांनी दिसतं आणि तिथून थोडं वर सरकतं, हे ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं. मला सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. तेव्हा मी फक्त ‘किती उतरेल’ एवढंच ऐकत होते.

‘जिभेवर ताबा नाही.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते अर्धं खरं आहे.

खोटं अर्धं आधी. वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. लहान झालेलं अंग कमी जाळतं, भूक वाढवणारी रसायनं वर जातात. ऑस्ट्रेलियात पन्नास जणांना नुसत्या आहारानं बारीक केलं, तर वर्षानंतरही त्यांच्या रक्तातली भुकेची हार्मोन्स चढलेलीच होती. ऑपरेशन या ओढीला बराच लगाम घालतं, पण ती मुळातून संपवत नाही. त्यावर पाळी जाण्याचं वय, थायरॉइड, इन्सुलिन, मनाच्या आजारांवरची काही औषधं. माझ्या बाबतीत दोन पावसाळे दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या. अकरांतले पाच किलो तेव्हाचे.

उरलेले सहा काकणांचे, म्हणजे आमच्या पोदेराच्या, पाववाल्याच्या, कडक गोल पावांचे. इसवण माशाचा एक तुकडा खाल्ला की माझं पोट तासभर गच्च राहतं, पुढं काही सुचत नाही. तेच संध्याकाळी पोदेराकडची काकणं चहात बुडवून खायला बसलं, की पाच-सहा कशी गेली कळतही नाही. भिजून मऊ झालेला मैदा त्या अरुंद नळीतून घसरत जातो, अडत नाही, म्हणून ‘पुरे’ असं पोट सांगतच नाही. आधी मासा, अंडं, उसळ, मग भात, आणि जेवताना पाणी नाही, हा नियम त्यासाठीच असतो. तो मी मोडला, कबूल. पण मेसेजवाला मला ताटभर बिर्याणी चापताना डोळ्यांसमोर आणतो. इथं खरा चोर चहाचा कप आहे.

‘पोट पूर्वीएवढं होतं.’ स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग कापून बाहेर काढतात, त्यातच फुगणारी वरची पिशवी जाते. ती परत उगवत नाही. उरलेली नळी थोडी सैल होते, बायपासमध्ये जोड रुंदावू शकतो. किती, ते बेरियमच्या एक्स-रेत किंवा दुर्बिणीतून कळतं.

‘पाच दिवस पातळ.’ केलंय मी. पेज, सार, ताक. तीन दिवसांत दोन किलो उतरले आणि रविवारच्या हुमण-भाताबरोबर परत आले. उतरतं ते साठवलेली साखर आणि तिनं धरून ठेवलेलं पाणी. पातळ खाल्ल्यानं जठराला टाके पडत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यानं तर हा खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

इंजेक्शनचं म्हणाल, तर त्याला माझा विरोध नाही. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही औषधं ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनावरही डॉक्टर वापरतात. पण ‘मोकळं व्हावं’ कसलं? सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. ऑपरेशनवर जो ठपका, तोच इथंही बसतो.

मेसेजमध्ये नाही ते सांगते. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचा धोका वाढलेला दिसला आहे. उर्राकच्या दिवसांत ‘एवढ्यानं काय होतं’ म्हणणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या नि तपासण्या जन्मभराच्या.

त्या तपासण्या मी तीन वर्षं चुकवल्या. कारण काटा. तो बाहेर, रांगेतल्या बाकांसमोर, आणि मदतनीस आकडा खणखणीत वाचून दाखवायचा. शेवटचं गेले तेव्हा चपला काढल्या, बांगड्या काढल्या, तरी ७९. बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, ‘ऑपरेशनवाली ना ही?’ त्यानंतर गेलेच नाही. पुन्हा गेले ती हातापायांना मुंग्या येऊ लागल्यावर. बी-१२ तळाला होतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन, हात जोडलेल्यांतली एक. ‘अगो, तुला म्हणून नव्हता गो पाठवला.’ मग आवाज खाली आणून म्हणाली, तिच्या धाकट्या दिरानं चार वर्षांमागं बायपास केलाय, वजन चढतंय, आणि तो दवाखान्याचं नाव काढलं की उठून जातो. डिस्चार्जचा जुना कागद शोधून ठेव म्हटलं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाल, आणि त्याला सांग, काट्यावर मी आधी उभी राहीन.

गुरुवारी जातोय आम्ही तिघं.