सोयरीक आणि पर्जन्यमान

सोयरीक जुळवताना आपल्याकडे पत्रिका पाहतात, देवक पाहतात, शेती किती आणि विहिरीला पाणी किती हेही आडून विचारून घेतात. पण दोन्ही घरांचे सरासरी पर्जन्यमान कोणी पडताळून पाहत नाही, आणि त्याचे परिणाम माझ्यासारख्या मधल्या माणसाला बाराही महिने फोनवर भोगावे लागतात. माझे आजोळ गगनबावड्याच्या बाजूला, सासुरवाडी आटपाडीकडे, धाकटी बहीण दिलेली तासगावला आणि मी कोल्हापुरात. नकाशावर हा सगळा गोतावळा दोनशे किलोमीटरांच्या आत बसतो. तरीही आभाळ भरून आले, ही बातमी सुखाची की दुःखाची, यावर या घरांचे आजवर एकमत झालेले नाही.

याला जबाबदार सह्याद्री. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे त्याला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि गगनबावड्याच्या माथ्यावर मोकळे होतात. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात येईपर्यंत हा आकडा हजाराच्या घरात उतरतो आणि आटपाडीला पोचेपर्यंत पाचशेचीही मारामार होते, कारण डोंगर उतरणारी हवा गरम आणि कोरडी होत जाते. ढग दिसतात, बरसत मात्र नाहीत. हवामान खाते या भानगडीत पडत नाही. ते आभाळाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती झाकले गेले ते मोजते आणि त्या मापाला ऑक्टा म्हणते. आठ ऑक्टा म्हणजे आभाळ पूर्ण झाकलेले. त्याच आठ ऑक्टांनी मामीचा चेहरा पडतो आणि सासऱ्यांचा खुलतो, याची नोंद करायला त्यांच्या वहीत रकाना नाही.

मामीचा फोन श्रावणात आला की मी आधीच आवाज खाली आणतो. "सूर्य म्हंजी काय असतं ते इसरलो बग आमी," अशी सुरुवात होते. मग मिठाला पाणी सुटले, काडी पेटेना, गोधडीला कुबट वास मारतोय आणि चुलीवर बांधलेल्या दोरीवरचे लुगडे वाळण्याऐवजी धुरकटले, असा सविस्तर अहवाल येतो. चीनमधल्या सिचुआनच्या खोऱ्यात ढगांचे आच्छादन इतके असते की सूर्य दिसला तर तिथली कुत्री भुंकतात, अशी त्यांच्याकडे जुनी म्हण आहे. मामीला धीर यावा म्हणून मी ती एकदा सांगितली. "आमची कुत्री चुलीपुढनं उटंनात, भुकत्यात कुटली," एवढे बोलून तिने चीनचा विषय संपवला.

फोन ठेवतो न ठेवतो तोच सासऱ्यांचा फोन. इथे आवाज खाली आणलेला चालत नाही. "पाव्हणं, आभाळ आलंय का तिकडं?" या प्रश्नात जी असूया असते ती जमिनीच्या वाटणीतही आढळत नाही. आलंय म्हणावे, तर आपण ऐश्वर्य मिरवल्यासारखे होते. नाही म्हणावे, तर त्यांचीही आशा मावळते, कारण आमच्यावरूनच ढग पुढे त्यांच्याकडे जाणार. "हिकडं बी येतंय की. येतंय, बगतंय आन् जातंय," ते म्हणतात, आणि यात काडीची अतिशयोक्ती नाही. जून-जुलैत तिकडे आभाळ दिवसदिवस झाकलेले असते, वारा अंगावरचा टॉवेल उडवून नेतो आणि जमिनीवर चार थेंब. त्यांच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातल्या ढगांना समजावायला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात विमानातून क्षारांचे कण सोडण्याचे प्रयोगही केले. सासऱ्यांच्या मते, जो ढग गावाला दाद देत नाही तो विमानाला काय देणार.

तासगावच्या दाजींचे गणित आणखी वेगळे आहे. त्यांना पावसाळ्यातल्या ढगांचे काही वाटत नाही. त्यांचे वैर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येणाऱ्या ढगांशी. तेव्हा मळभ दाटले की द्राक्षबागेत दावण्या हा बुरशीचा रोग येणार, म्हणजे औषधाची फवारणी, आणि फवारल्यावर शिंतोडे पडले की पुन्हा फवारणी. त्यातून वाचलेली द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर जाळीवर पसरली की दाजी पुन्हा वर बघू लागतात, कारण ऐन वाळवणीत ढगाळ हवा राहिली तर हिरवा बेदाणा काळपट पडतो आणि दरही त्याच्याबरोबर पडतो. त्या दिवसांत त्यांच्यासमोर "काय छान गार हवा पडलीय" असे म्हणणाऱ्याला बहीण दुसरा चहा देत नाही.

आणि आम्ही कोल्हापूरकर? आम्हाला आमच्या डोक्यावरच्या आभाळाशी फारसे देणेघेणेच नसते. शहरात लख्ख ऊन असले तरी राधानगरी-गगनबावड्याकडे काळे दिसले की चौकातला माणूस "पाऊस आहे का?" असे न विचारता "किती फूट झालं?" असे विचारतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी एकोणचाळीस फूट म्हणजे पुराचा इशारा आणि त्रेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या पोराला पाढ्यांआधी पाठ होते. माझे स्वतःचे दुःख याहून क्षुद्र, पण रोजचे आहे: बाहेरच्या खोलीत आडव्या-उभ्या बांधलेल्या दोऱ्या, पंख्याखाली आळीपाळीने सरकवली जाणारी पँट आणि इस्त्रीने वाळवल्यावरही कॉलरपाशी ओलसर राहिलेला शर्ट, जो अंगात घालताना मामीच्या गोधडीची आठवण येते. उघडीप मिळाली की आमच्या गल्लीत दिवाळी नसेल इतकी धावपळ उडते आणि शेवटचा चिमटा लावला की भुरभुर सुरू होते.

बहिणीचा मुलगा लंडनला असतो. तिथल्या हिवाळ्यातल्या करड्या, आखूड दिवसांनी मन उदास होते म्हणून त्याने दहा हजार लक्सचा दिवा आणला आहे आणि तो रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसतो. या उदासीला १९८४ साली डॉ. नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर आजाराचे नाव दिले, असेही त्याने मला समजावले. मामीला हे कळल्यावर तिने एकच निरोप दिला, "दिव्याम्होरं बसून काय हुतंय? चुलीम्होरं बस म्हनावं, भाकरी तरी हुतील." सासऱ्यांनी, बसल्या जागी ढग मिळत असताना दिव्यावर पैसे घालवणाऱ्याला काय म्हणावे ते माझ्यावर सोडले.

गेल्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता आणि ही सगळी मंडळी एकाच गॅलरीत, एकाच आभाळाखाली उभी राहिली. पिरपिर चालू होती. सासरे हात बाहेर काढून थेंब तळव्यावर झेलत होते, मामी पदराने डोके झाकून आत सरकत होती आणि दाजी सवयीने औषधाच्या खर्चाचा हिशेब करत होते, जरी तो हंगाम अजून लांब होता. "पाव्हणं, तुमचं काय म्हणणं हाय?" सासऱ्यांनी मलाच मध्ये ओढले. तिन्ही पर्जन्यमाने माझ्याकडे बघू लागली. मी अस्सल कोल्हापुरी उपाय केला आणि म्हणालो, "चला, पाणी बघून येऊ."

प्रसाद घेऊन सगळे पंचगंगेच्या घाटाकडे गेलो. दीपमाळा पाण्यात उभ्या होत्या, लाल-तांबडे पाणी पुलाखालून फुफाटत चालले होते आणि बघ्यांत चुरमुरे विकणाराही येऊन थांबला होता. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. आटपाडीत टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून ते पाण्याकडे जरा हिशेबी नजरेने बघतात. शेवटी त्यांनी विचारले, "हे समदं जातंय कुटं?"

"नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि तिथून कर्नाटकात," मी म्हणालो.

"फुकट?"

मामीने पदर सावरला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सहानुभूतीने बघितले. "घिऊन जावा की वो," ती म्हणाली, "आन् जाताना आमचं आभाळ बी न्या."