नापास होता येईल असा कोर्स लावा

ज्या परीक्षेत नापास होताच येत नाही, तिच्या सर्टिफिकेटवर प्रोग्रामिंगची नोकरी लागत नाही. पोराला प्रोग्रामिंगचा कोणता कोर्स लावू, असा परभणी-हिंगोलीकडून फोन आला की मी हेच सांगतो आणि समोरचा जरा हिरमुसतो. त्याला हवं असतं कोर्सचं नाव, फीचा आकडा आणि "लागंल का हो पोराला?" याचं उत्तर.

आपल्याकडं सर्टिफिकेटची गोडी सरकारी भरतीनं लावली. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आलं आणि तालुक्या-तालुक्याला, बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर सेंटरं निघाली. त्याला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही, माझ्या पिढीनं माऊस तिथंच धरला. पण ती संगणक साक्षरता होती. कागद फाइलला लागला, भरतीच्या फॉर्मवर टिक झाली, विषय संपला. तीच फाइल काखेत मारून आता लेकरं प्रोग्रामर व्हायला निघालीत. आमच्या कंपनीत फ्रेशरच्या मुलाखतींना मीही बसतो. सोनेरी किनारीची पाच-पाच सर्टिफिकेटं समोर येतात. पायथन, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषा, फुल स्टॅक म्हणजे वेबसाइटची पुढची-मागची सगळी बाजू, आता एआय. मी म्हणतो, यातलं तू स्वतः लिहिलेलं काहीतरी उघडून दाखव. बहुतेक वेळा पोरगं खाली बघतं. त्याला तरी काय बोलणार? दोन दिवसांचं वेबिनार, हजेरी लावली की पीडीएफ मेलवर, यालाच शिकणं म्हणतात असं त्याला सांगितलेलं असतं.

सर्टिफिकेट घ्यावं, पण परीक्षा कोण घेतं ते आधी विचारावं. जो शिकवतो तोच पेपर काढतो, तोच तपासतो आणि फीही तोच घेतो, तर तुम्हाला नापास करून त्याला काय मिळणार?

एनपीटीईएलचं बघा. आयआयटीवाल्यांनी चालवलेले ऑनलाइन कोर्स, शिकायला पैसा लागत नाही, परीक्षा द्यायची तरच हजारभर रुपये फी. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती मांडून ठेवायच्या पद्धती, शिकवणारा आठ आठवड्यांचा कोर्स तिथं आहे. असाइनमेंटचे २५ गुण, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. व्हिडिओ लावून मोबाईल बाजूला ठेवणारा यात दुसऱ्या आठवड्यातच गळतो, आणि गळावाच. नाईलिट या केंद्र सरकारच्या संस्थेची ओ लेव्हल ही संगणकाची पायाभूत परीक्षा तर क्लास न लावता थेट फॉर्म भरून देता येते. चार पेपर आहेत, त्यात वेब डिझायनिंग आणि पायथन दोन्ही, वर प्रात्यक्षिक आणि प्रोजेक्ट. नाईलिटचं केंद्र संभाजीनगरात विद्यापीठाच्या आवारातच आहे. तरी आपली पोरं आधी पुण्यातल्या कॉट बेसिसची चौकशी करतात! दहावीवर आयटीआयचा वर्षाचा कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड आहे. त्यानं लगेच प्रोग्रामर होत नाही कुणी, पण हात बसतो. इंजिनिअरिंग किंवा एमसीए झालेल्यांसाठी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा डिप्लोमा. आधी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची, मग सहाएक महिने नुसता घाम. फी मोठी आहे, पण कंपन्या त्याला मानतात ते या घामामुळंच.

इंग्रजीचं काय, हे फोनवर कुणी विचारत नाही. खरी भीती मात्र तीच असते. मराठी माध्यमातलं लेकरू लाल अक्षरांत एरर आला की मास्तर खेकसल्यासारखं दचकतं आणि खिडकीच बंद करून टाकतं. अरे, वाच ना ते. शेवटच्या दोन-तीन ओळी वाचल्या तरी पुरतं, कितव्या ओळीवर काय बिनसलं ते तिथंच लिहिलेलं असतं. नेमएरर म्हणजे आधी न सांगितलेलं नाव वापरलं, इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा चुकली. रोज भेटणारे असे दहा-पंधरा शब्द ओळखीचे झाले की गाडी चालते. बारावीच्या इंग्रजीच्या पेपरपेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

आता प्रोजेक्ट. लातूरच्या मार्केट यार्डात आडत असलेल्या आमच्या ओळखीच्या काकांच्या पोरानं ओ लेव्हलसाठी दुकानाची पट्टी करायचा प्रोग्राम घेतला. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, खाली शेतकऱ्याच्या हातात पडायची रक्कम. पहिल्याच पट्टीला घोटाळा. माल १२.४ क्विंटल, हिशोब १२ चाच. त्यानं वजनाला इंट, म्हणजे पूर्ण आकड्यांचा प्रकार, लावलं होतं आणि इंट दशांश छाटून टाकतं. ४० किलो सोयाबीन हवेत! मुनीमजी म्हणाले, "लेका, ही मशीन तर आमच्याहून जास्त कापायली की." मग त्यानं इंटच्या जागी दशांश धरणारं फ्लोट लावलं. पण फ्लोट काही दशांश अगदी तंतोतंत धरत नाही, त्यामुळं आता बेरजेत कधीकधी एखाद्या पैशाचा फरक यायला लागला. शेवटी सगळी रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यात ठेवली आणि छापतानाच रुपये केले. असा किस्सा मुलाखतीत कुणी सांगितला, तर मी हातातले निम्मे प्रश्न बाजूला ठेवतो. इंट आणि फ्लोटमधला फरक पाठ करून आलेले रोज भेटतात. त्या फरकापायी मुनीमजीकडून टोमणा खाल्लेला क्वचितच.

तरी क्लास लावायचाच असेल तर लावा. घरात बसायला जागा नाही, लाइट जाते, एकट्यानं अभ्यास होत नाही, ही कारणं खरी आहेत. फक्त "शंभर टक्के जॉब गॅरंटी"चा फ्लेक्स बघून आत गेलात तर फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचून घ्या. तिथं बहुधा "मुलाखतीची संधी" एवढंच छापलेलं असतं. मागच्या बॅचच्या चार पोरांचे नंबर मागा आणि क्लासमध्ये बसून नको, घरी येऊन त्यांना फोन लावा. सोयाबीनचे पैसे एकरकमी देऊ नका, महिन्याचे हप्ते मागा. पहिला महिना झाला की लेकराला समोर बसवा आणि त्यानं लिहिलेलं काहीतरी चालवून दाखवायला सांगा. तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही तरी चालेल, ते चालतंय की नाही हे दिसतंच. चाललं, तर दुसरा हप्ता द्या.